टाइल संपते, कार्पेट सुरू होते : दारातल्या त्या पट्टीला काय म्हणाल?

पर्वरीहून : एका हॉटेलच्या देखभाल विभागासाठी मराठीतून कामाच्या सूचना लिहितो आहे. खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, बाहेर व्हरांड्यात टाइल. दोन्ही दारात भेटतात तिथे धातूची पट्टी बसवतात, तिला इंग्रजीत ‘ट्रान्झिशन स्ट्रिप’ म्हणतात. मी ‘संक्रमणपट्टी’ लिहिलं, तर सुपरवायझर म्हणाले, “हिच्यावर तीळगूळ ठेवायचे काय?” बरा शब्द सुचवा.

फोंड्याहून : अहो, शब्द घरातच आहे : उंबरठा! आजच्या दारांना तीनच बाजू असतात, तरी आपण ‘चौकट’ म्हणतो. ती चौथी बाजू म्हणजे हाच. वर गणेशपट्टी, खाली उंबरा. देवळाच्या शिल्पशास्त्रात गर्भगृहाच्या दाराच्या उंबरठ्याला ‘उदुंबर’च म्हणतात. इतका जुना शब्द हाताशी असताना नवी नाणी कशाला पाडायची?

मडगावहून : फोंडेकर, शब्दाचा मान राखून सांगतो, साइटवर हा चालणार नाही. माझं काम फ्लोअरिंगचं. ‘उंबरा’ म्हटलं की माझा गवंडी न्हाणीच्या दारात ग्रॅनाइटची उंच पट्टी बसवून मोकळा होईल. कारण आमच्यात त्यालाच उंबरा म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. तो पाणी अडवायला असतो, म्हणून वर उठलेला हवा. टाइल-कार्पेटमधली पट्टी नेमकी उलट : पायाला जाणवताच कामा नये. अमेरिकेच्या अपंगसुलभ बांधकामाच्या निकषांत पाव इंचापर्यंतचा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरचा, सरळ उंचफरक चालतो. पाव ते अर्धा इंच असेल तर कड १:२ उताराची करावी लागते. आता सांगा, ज्याच्यावर लक्ष्मीची पावलं काढतात आणि जो ओलांडायचा असतो, त्याचं नाव या चपट्या वस्तूला कसं द्यायचं?

शिवाय पर्वरीकर, तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे. दरवेळी पट्टी असतेच असं नाही. चांगला कारागीर टाइलच्या कडेपासून कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट सोडून खिळ्यांची लाकडी पट्टी जमिनीला ठोकतो. तिचे खिळे टाइलच्या दिशेने तिरके असतात, म्हणजे ताणलेलं कार्पेट मागे सरकत नाही. मग कार्पेट ताणून अडकवायचं, जादा भाग कापायचा आणि उरलेली कड बोथट पटाशीने त्या फटीत खोचायची. वरून काहीच दिसत नाही. धातूची पट्टी लागते ती टाइलची कड ओबडधोबड असेल किंवा दोन्हींच्या उंचीत फरक असेल तेव्हा.

डिचोलीहून : मडगावकरांनी कामाची गोष्ट सांगितली. म्हणजे आपण एका शब्दासाठी भांडतोय आणि लागणार आहेत तीन : जागेला एक, वस्तूला एक, कामाला एक. जागेला ‘सांधा’ म्हणा. दोन वेगळ्या गोष्टी मिळतात तिथे मराठीला हाच शब्द सुचतो. सुताराला कळतो, हाडवैद्यालाही कळतो. ‘जोड’ मला नको वाटतो, कारण कार्पेटचे दोन तुकडे एकमेकांना जोडले तरी तो जोडच. वस्तूला ‘सांधपट्टी’. कामाला ‘कड खोचणे’ किंवा ‘कड दाबणे’, जे केलं असेल ते.

वास्कोहून : पोर्तुगीजमध्ये ‘सोलेइरा’ म्हणजे उंबरठाही आणि दोन फरश्यांच्या मधे दारात बसवलेली दगडी पट्टीही. त्यांचं एका शब्दात भागतं, मग फोंड्याच्या सूचनेत काय वाईट?

डिचोलीहून : वाईट काहीच नाही. पण आपला उंबरठा ‘उंबरे झिजवणं’पासून ‘माप ओलांडणं’पर्यंत इतकं काही वाहतो की तांत्रिक कागदात तो उगाच बोलायला लागतो.

फोंड्याहून : बरं, मागे घेतो, पण अर्धाच. पट्टी दाराखाली नेमकी कुठे यावी हे सांगायला तुम्हाला उंबऱ्याचीच जागा दाखवावी लागेल.

मडगावहून : ते मात्र खरं. दार लावलं की सांधा फळीच्या बरोबर खाली यायला हवा. मग खोलीतून फक्त कार्पेट दिसतं आणि व्हरांड्यातून फक्त टाइल. घाईत तो दोन बोटं बाहेर गेला की बंद दाराखालून कार्पेटची झालर दिसते, आणि पाहुण्याची नजर पहिली तिथेच जाते. कार्पेट टाकल्यावर दार घासतं का, हेही आधीच बघा. नंतर दार उतरवून तासायला सुतार बोलवावा लागतो, आणि आमच्याकडे चतुर्थीच्या आसपास सुतार मिळाला तर शपथ!

पर्वरीहून : मग मी असं लिहितो : “सांधा बंद दाराच्या फळीखाली ठेवावा. उंची सारखी असेल तर कार्पेटची कड फटीत खोचावी. फरक असेल तर उताराची सांधपट्टी बसवावी.” टाइल, कार्पेट तसेच ठेवतो. ‘गालिचा’ लिहिलं तर पोरं तो गुंडाळून उन्हात घालतील. खिळ्यांच्या पट्टीला काय?

डिचोलीहून : ‘खिळेपट्टी’. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मडगावहून : चालेल. आणि एक ओळ वाढवा : समुद्राजवळच्या खोल्यांत साधे लोखंडी स्क्रू वापरू नयेत. खाऱ्या हवेत ते गंजतात आणि तांबूस डाग कार्पेटच्या कडेवर उतरतो. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर ॲनोडाइज केलेली, म्हणजे वर संरक्षक थर चढवलेली घ्या, स्टेनलेस स्टीलची असेल तर ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत जास्त टिकणारा ३१६ ग्रेड. न्हाणीच्या दारात मात्र आधी ग्रॅनाइटचा उंबरा आणि त्याच्या कोरड्या बाजूला कार्पेटचा सांधा. नाहीतर पाणी कार्पेटच्या खालच्या थरात शिरतं, आणि जुलैत ते वाळत नाही.

फोंड्याहून : आला की नाही शेवटी उंबरा!