आयर्लंड: आर्डेरिनला जंगलाच्या बाजूने चढायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लीश आणि ऑफली काउंटींच्या हद्दीवरच्या स्लीव्ह ब्लूम रांगेत आर्डेरिन सर्वांत उंच, तरी उंची अवघी ५२७ मीटर. ग्लेंडाइन खिंडीपर्यंत गाडी नेली तर माथा फार लांब नाही, पण त्यात काय मजा? मला खालच्या स्प्रूसच्या (सूचीपर्णी झाडांच्या) जंगलातून चढायचंय, नोव्हेंबरच्या मध्यावर. सोबत नवरा आणि पुण्याहून आलेले सासरे. बाबांचे राजगड-तोरणा पायाखालचे, त्यामुळे उंची ऐकूनच हसतात.

मला धास्ती चढाची नाही, ओलीची आहे. नकाशात जंगलातला गाडीरस्ता मध्येच संपतो, पुढे वाटच नाही. झाडीतून वर कसं निघायचं? बूट की गमबूट?

प्रतिसाद १

झाडांत अजिबात घुसू नका. सिटका स्प्रूस इतके दाट लावलेले असतात की वाळक्या फांद्या थेट तोंडावर येतात. लागवडीच्या वेळी काढलेले चर शेवाळाने झाकलेले असतात, पाय गेल्यावरच कळतं. दोन लागवडींमध्ये फायरब्रेकची (आग पसरू नये म्हणून ठेवलेली) मोकळी पट्टी असते, ती सॅटेलाइट नकाशावर शोधा. वरच्या माळापर्यंत पोचते ना, हे घरीच बघा. तोडणी चालू असल्याची पाटी दिसली तर मुकाट्याने मागे फिरायचं.

वर सगळा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पाणथळ माती. हेदरची झुडपं दिसतील तिथे त्यातल्या त्यात टणक. पोपटी, सपाट, गुबगुबीत दिसतं ते स्फॅग्नम शेवाळ. काठी खुपसून बघा, सरळ आत जाते. गमबूट चढावर पाय धरत नाहीत. घोट्यावरचे बूट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घाला. पाय तरीही भिजणारच, मोजे जास्तीचे न्या.

प्रतिसाद २

बाबांना सांगा, सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो. इथे तासाला दीड-दोन किलोमीटरच धरा. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, स्प्रूसखाली त्याआधीच अंधारतं. दुपारी एकपर्यंत माथा आला नाही तर परत फिरा. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. अडकलात तर ११२ लावून माउंटन रेस्क्यू मागायचं.

धागाकर्ती

मनापासून आभार! गमबूट रद्द. पट्टी सापडली, पण तिच्या वरच्या टोकाला तारेचं कुंपण आहे म्हणतात. ते ओलांडलं तर चालतं का?

प्रतिसाद १

आधी फाटक शोधा. नसेलच तर खांबाला धरून एकेकाने ओलांडा, मधली तार दाबू नका. आणि पलीकडे मेंढ्या दिसल्या तर ती कोणाची तरी जमीन आहे, विचारल्याशिवाय शिरू नका.