इम्पोर्टेड दूध पावडर आणि खोकल्याचं औषध : काय बघून घ्यावं?

खारघरची_आई :
वाशीतल्या एका दुकानातून पाहुण्यांनी लेकीसाठी दूध पावडरचा डबा आणलाय. सगळी चिनी अक्षरं, इंग्रजीत एक ओळ नाही. लेक तीन वर्षांची, त्यात खोकलाही आहे. छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावल्याच्या बातम्यांपासून सिरपची बाटली उघडायचं धाडस होत नाही. जाणकारांनी सांगा.

एपीएमसीवाला :
ताई, डबा मुलीला देऊ नका. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलं होतं. त्याने तपासणीत नायट्रोजन वाढतो, म्हणजे प्रोटीन भरपूर दिसतं. सहा बाळं गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. तेव्हापासून तिथल्या दुधाच्या पदार्थांवर आपल्याकडे बंदी घातली गेली, ती वेळोवेळी वाढवली. आता अक्षरं चिनी म्हणजे माल चीनचाच असं नाही, तैवानचाही असेल. पण न्हावा शेवाला रीतसर उतरलेल्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर असतोच. आयातदाराचा परवाना केंद्राचा, म्हणून तो नंबर १०० ने सुरू होतो. फॉसकॉसच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या परवान्यांच्या साइटवर टाकून बघा. स्टिकरच नसेल तर डबा कुणाच्या तरी बॅगेतून आलाय.

नौपाड्याचा_केमिस्ट :
सिरपचं मी सांगतो. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, २०२३ पासून तशी सूचनाच आहे. घरातली जुनी बाटली असेल तर आधी तेच वाचा.
बाकी इम्पोर्टेड म्हणजे धोका, देशी म्हणजे बिनधास्त, हे डोक्यातून काढा. १९८६ ला मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात १४ रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमधल्या डायइथिलीन ग्लायकॉलने. लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. छिंदवाड्याच्या त्या सिरपमध्ये, कोल्ड्रिफमध्ये, तेच विष ४८.६ टक्के निघालं, चालतं ०.१ टक्का! स्वस्तातलं, कारखान्यात वापरायचं सॉल्व्हंट (विरघळवायचं द्रव) औषधात गेलं की हेच होतं.

घोडबंदर_रोड :
काका, पण औषधावर क्यूआर कोड असतो ना?

नौपाड्याचा_केमिस्ट :
ठरावीक ३०० ब्रँडवर. त्यात कंपनी, बॅच, एक्सपायरी कळते, आतलं सॉल्व्हंट कुठून आलं ते नाही. म्हणून बिल घ्याच, बॅच नंबर असलेलं. एखादी बॅच परत मागवली तर निदान आपल्या हातातली ओळखता येते. आणि खोकल्यासाठी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, आमच्या काउंटरवर विचारू नका.

खारघरची_आई :
डब्यावर स्टिकर नाही. दुकानदार म्हणतो, "बिल मिळणार नाही, हवं तर बदलून घ्या."

एपीएमसीवाला :
बदलून घेऊ नका, दुसरा डबाही तसलाच येईल. डबा फेकायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, दुकानाच्या पाटीचाही. फूड सेफ्टी कनेक्ट या एफएसएसएआयच्या तक्रार अ‍ॅपवर तक्रार टाका.