इसार पावतीची मुदत संपली, खरेदीखत झालं नाही, चूक कुणाची धरतात?

परभणीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. परभणीत एक जुनं घर घ्यायचं ठरलं, व्यवहार 38 लाखात, इसार (आगाऊ रक्कम) 2 लाख चेकनं दिला. पाचशेच्या बाँडवर नोटरी केलेली पावती आहे, त्यात मुदतीबद्दल एवढीच ओळ: "आजपासून तीन महिन्यांचे आत खरेदीखत करून घ्यावे, न घेतल्यास इसार जप्त होईल." आता घर मालकाच्या वडलांच्या नावावर, वडील वारलेले, पीआर कार्डावर (घराच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर) त्यांचंच नाव. मालक म्हणले वारस नोंद काय लगेच होते. झाली बी, पण त्यात आई, दोघं भाऊ आन बहीण अशी सगळ्यांची नावं लागली आन बँकेचा वकील म्हणला सगळ्यांच्या सह्या आणा नायतर बहिणीचं हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा कागद) आणा. बहीण दिलेली निजामाबादला, ती पंचमीला माहेरी आल्यावर सही करील म्हणून थांबलो, पंचमी झाली, सही काय झाली नाही, मग म्हणले पितृपंधरवड्यात खरेदी नको. तवर माझ्या होमलोनच्या सँक्शन लेटरची मुदत गेली, बँकेनं परत सॅलरी स्लिपा, परत सिबिल, त्यात अजून वेळ. आता मालक म्हणायलेत "तुमचं लोनच वेळेत झालं नाही, इसार विसरा, घ्यायचं असल तर चार लाख वाढवा". वरून यंदाची घरपट्टी पण मीच भरायची म्हणे. इकडं किरायाच्या घराचं भाडं चालूच. ह्यात चूक कुणाची धरतात?

लातूरचा_पाव्हणा
भाऊ पावतीवर लिहिलंय ना जप्त म्हणून, मग गेला समजा. कोर्टात जाऊन नातू खरेदीखत करंल तुमचा. दोन-चार जाणती माणसं घ्या, मालकाच्या वट्यावर जाऊन बसा, मधलं काहीतरी निघतंय.

खरेदीविक्री_कट्टा
पाव्हणे, घाई नका करू. मी वकिलाकडं कामाला आहे, रोज हेच बघतो. जप्तीची ओळ लिहिली म्हणजे इसार आपोआप गेला असं नसतं, खरेदी घेणाऱ्याच्या चुकीनं व्यवहार मोडला तर ती लागू होते. इथं ठरल्या तारखेला देणाऱ्याकडं विकायला स्वच्छ टायटलच (मालकी हक्क) नव्हतं. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई, मुलं, मुली सगळे वारस, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलीचा हिस्सा आहेच, त्यामुळं एकट्या भावानं खरेदीखत करून दिलं असतं तरी ते त्याच्या हिश्श्यापुरतं. तुमचं लोन त्या दिवशी तयार असतं तरी रजिस्ट्री झाली नसती. हा मुद्दा धरून ठेवा.

दुसरं, घराजमिनीच्या व्यवहारात मुदत संपली की करार मेला असं कोर्ट सहसा धरत नाही, ठरलेली तारीख हाच कराराचा गाभा आहे असं पावतीवरून किंवा दोघांच्या वागण्यावरून स्पष्ट दिसावं लागतं. तुमच्या मालकानं तर मुदतीनंतर पण पंचमी, पितृपक्ष करत स्वतःच वाढवत नेलंय. व्हॉट्सॲपवर त्याचे मेसेज असतील तर डिलीट करू नका.

पण एक बाजू तुमची पण कच्ची आहे. पावतीत लोनचा उल्लेख नाही म्हणल्यावर लोनची जोखीम तुमची. उद्या दावा टाकला तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (ठरलेला करार पुरा करून मागायचा कायदा) कलम 16 प्रमाणं तुम्ही पहिल्यापासून पैसे घेऊन तयार होता हे तुम्हालाच दाखवावं लागतं. जुनं सँक्शन लेटर, पासबुक, बँकेला दिलेले कागद, सगळं तारखेनिशी एका फायलीत लावा. आन दाव्याची मुदत, पावतीत तारीख ठरलेली असल्यानं, त्या तारखेपासून 3 वर्षं. पावती नोंदवलेली नाही तरी खरेदीखत करून मागायच्या दाव्यात ती पुरावा म्हणून चालते, स्टॅम्प कमी निघाला तर आधी दंडासकट भरावा लागंल एवढंच. घराचा ताबा घेतला नाही ना? ताबा घेतलेला असला तर स्टॅम्पचं गणित वेगळंच होतं.

घरपट्टीचं सोपं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55, खरेदीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर विकणाऱ्यानं भरायचे, दोघांनी वेगळं काही ठरवलं नसल तर.

परभणीचा_पोट्टा
ताबा नाही, किल्ली पण मालकाकडंच. लय आभार साहेब. मेसेज आहेत, "ताई आल्यावर करू" असा व्हॉईस मेसेज पण आहे त्यांचा. इसाराच्या दुप्पट परत मागता येतो का? शेजारचे म्हणायलेत दुप्पट मिळतो.

खरेदीविक्री_कट्टा
पावतीत लिहिलेलं असल तर मागता येईल, तिथंही कोर्ट वाजवी किती ते बघतं. तुमच्या पावतीत नाही, मग इसार परत, व्याज आन झालेलं नुकसान एवढं मागा. भाड्याच्या पावत्या सांभाळा.

बीडवाला_काका
मी विकणारा म्हणून बोलतो, दरवेळी मालकच लबाड नसतो. आमचं घर विकताना घेणाऱ्यानं "लोन पास झालंच समजा" म्हणत म्हणत आमचं पोरीच्या लग्नाचं गणित मोडलं, बाकी गिऱ्हाईक पण हातचे गेले. ह्या केसमध्ये मात्र मालकाचं चार लाख मागणं मला खटकतंय. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग तुमच्या जिल्ह्यातून जायचा म्हणल्यापासून सगळ्यांनाच आपलं घर सोन्याचं वाटायलंय, तेच कारण असणार, लोन-बिन बहाणा. बहिणीशी थेट बोललात का? बऱ्याचदा बहिणीला भावानं काही विचारलेलंच नसतं.

सिडको_एन११
काकांशी सहमत. इकडं संभाजीनगरात तर अजून भानगडी, सिडकोची (शहर वसवणारं सरकारी महामंडळ) घरं मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली, गुंठेवारीतलं (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटातलं) असल तर नियमित केल्याचा कागद लागतो, आन ह्यातलं कुणी आणायचं हे पावतीत कुणीच लिहीत नाही. छापील पावतीचा नमुना आणायचा, रिकाम्या जागी नाव आन रक्कम भरायची, झालं. आम्ही शेवटच्या व्यवहारात लिहूनच घेतलं की वारस नोंद, हक्कसोड, बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला) हे देणाऱ्यानं आणायचं, आन बँकेची मुदत देणाऱ्याचे सगळे कागद हातात पडल्या दिवसापासून मोजायची. एजंट नाक मुरडत होता, मुरडू दे. तुमच्या केसमध्ये अजून बी मुदतवाढीचा कागद करून हे घालता येईल, मालक तयार असल तर.

परभणीचा_पोट्टा
काका तुमचं ऐकून काल निजामाबादला फोन लावला. ताईंना चार लाखाचं काही माहीतच नाही, 38 चा आकडा पण माझ्याकडूनच कळला त्यांना!! म्हणल्या माझा हिस्सा मला द्या, मी सही करते. मग आता हक्कसोड कशाला, खरेदीखतावरच देणार (विकणारी) म्हणून त्यांची सही घेतली तर?

खरेदीविक्री_कट्टा
तेच बरं. हिस्सा पाहिजे असल तर हक्कसोडपत्र त्यांनी करूच नये. सगळे वारस खरेदीखतावर देणार, प्रत्येकाच्या नावानं वेगळा चेक, बँकेला पण तेच आवडतं. त्यांना यायला जमत नसल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीनं सही करायचा अधिकार), पण ते भावाच्या नावानं नको. आधी नोटीस काढा, वकिलामार्फत, स्पीड पोस्टानं पोचपावतीसकट, आई, दोघं भाऊ आन बहीण चौघांच्या नावानं: मी तयार आहे, अमुक तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहतो, तुम्ही पण या. आन त्या दिवशी खरंच जा, कुणी आलं नाही तरी.

लातूरचा_पाव्हणा
वट्यावर बसायचं बी होतंच की राव. नोटीस गेल्यावर बसा.