कर्जापेक्षा आधी मजुरीचा हिशोब
मसाले बनवण्याचं प्रशिक्षण घेतल्यानंतर महिलांचे बचत गट बंद पडतात ते कर्ज मिळत नाही म्हणून, असं म्हटलं जातं. ते मला अर्धंच पटतं. मसाल्याच्या धंद्यात भांडवल खरंच अडकतं. मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला एकदम घ्यावी लागते आणि विक्री वर्षभर थोडीथोडी होते. पण त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (२०२० पासून) बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय ठेवली गेली, खेळत्या भांडवलासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी. याची चौकशी जरूर करा.

आमच्या गावच्या गटात मात्र पैसा असूनही काम थांबलं होतं. देठं खुडायला, कांडप यंत्रावर उभं राहायला ठरावीक चौघीच यायच्या, हातांची आग त्यांनीच सोसायची आणि महिन्याअखेरीस वाटणी दहा जणींत सारखी. त्या चौघींचं मन उडणारच ना! मग एका वहीत रोज नावापुढे किलो लिहायला सुरुवात झाली. खुडण्याचा दर वेगळा, पॅकिंगचा वेगळा, मजुरी आठवड्याला हातात, आणि उरलेला नफा तेवढा सारखा. गट आजही चालू आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही पापड लाटण्याची मजुरी वजनावरच मिळते. प्रशिक्षणात पॅकिंग, लेबल सगळं शिकवतात. मजुरी आणि नफा वेगळा कसा मांडायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.