मदत हवी आहे: पद्मिनीचा ब्लॉक, बोअर की स्लीव्ह?

स्टेपनी_आत
माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा इंजिन ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे पडलाय. तो म्हणतो चारही सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाका. गॅरेजवाला म्हणतो अजून एक बोअर, म्हणजे सिलिंडर कापून पुढच्या साइजचा करणं, आरामात निघेल. उद्या सकाळी सांगायचंय. बोअर की स्लीव्ह, एवढंच सांगा.

बोअरगेज
पेट्रोल की डिझेलवाली १३७ डी? आत पिस्टन कुठल्या साइजचे आहेत? बोअर मोजला का? का देवाला कौल लावून सांगू?

स्टेपनी_आत
पेट्रोलच हो. चढाला निळा धूर मारते, तेल खाते.

फक्त_रिंगा
मग पिस्टनच्या रिंगा बदला आणि मोकळे व्हा. बोअरिंगवाले उगाच काम वाढवतात.

बोअरगेज
अजिबात नको. पहिली रिंग जिथवर जाते त्याच्या वर न झिजलेला काठ राहतो. नवी रिंग धारदार असते, ती त्या काठावर आपटते. मग रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनची खाच. शिवाय बोअर ओव्हल असला तर गोल रिंग सगळीकडून टेकणार कशी?

स्टेपनी, पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. मग डायल गेजने प्रत्येक सिलिंडर तीन ठिकाणी मोजून घ्या: काठाच्या लगेच खाली, मध्ये आणि तळाशी. दर ठिकाणी दोनदा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा आडवा. आडवाच जास्त झिजलेला मिळेल, कारण कॉनरॉड तिरपा झाला की पिस्टन त्याच भिंतीवर दाबला जातो.

ए_बारा
एवढी डोकेफोड कशाला? प्रीमियर ११८ एनई गाडीचं निसान ए१२ इंजिन बसवा, ११७१ सीसी. गाडी पळेल बघा.

तारदेव_नाका
माउंटिंग, गिअरबॉक्स, आरसीवर इंजिन नंबर, हे सगळं तुम्ही येऊन करून देणार का? त्यांनी ब्लॉकचं विचारलंय. तसेही आता पद्मिनीचे स्पेअर शोधताना नाकीनऊ येतात. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, २० वर्षांची मुदत संपली आणि गाड्या भंगारात गेल्या. त्यांच्याबरोबर चांगले ब्लॉकही.

ए_बारा
टॅक्सीचे ब्लॉक चांगले? सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट बसून गेलेल्या असायच्या.

तारदेव_नाका
सीट हेडमध्ये असतात हो, ब्लॉकमध्ये नाही.

स्टेपनी_आत
भांडणं नंतर. पिस्टनवर ०.७५ आहे. सगळ्यात वाईट तीन नंबर: काठाखाली आडवा ६८.९३ मिमी, रेषेत ६८.८५, तळाशी ६८.८०. बाकीचे यापेक्षा बरे. आणि हो, तीन नंबरमध्ये वरून दोन बोटं खाली गंजाचा खड्डा आहे, नखाला लागतो. गॅस्केट गेलं होतं, पाणी आत राहिलं.

बोअरगेज
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत!

मूळ बोअर ६८.००. तुमचा ०.७५ चा, म्हणजे ६८.७५ अधिक पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट), तळाच्या मापाशी बरोबर जुळतं. पुढची साइज १.००, ज्याला आपले मिस्त्री ४० (इंचाचे हजारांश) म्हणतात. क्लिअरन्स ०.०५ धरला तर बोअर ६९.०५. सर्वात झिजलेली जागा ६८.९३, म्हणजे दर बाजूला ०.०६ निघणार. झीज साफ होईल. गॅरेजवाला तेवढ्यापुरता बरोबर आहे. प्रश्न फक्त खड्ड्याचा.

लायनरवाला
खड्डा आहे म्हणजे स्लीव्हच. आणि चारही टाका. एकच टाकली तर शेजारचे बोअर दाबाने वाकडे होतात.

बोअरगेज
वाकतात, पण कामाचा क्रम चुकला तर. स्लीव्ह आधी दाबून बसवायची, वरचा फेस साफ करायचा आणि मग चारही बोअर फायनल करायचे. वाकलं असेल ते त्याच कटमध्ये निघून जातं. चारही स्लीव्ह टाकायच्या तर ब्लॉक चार वेळा जास्त कापला जातो, सिलिंडरमधली भिंत आधीच बारीक आहे.

मी असं करेन: पहिल्यांदा फक्त तीन नंबर ६९.०१ पर्यंत बोअर. खड्डा निघाला तर स्लीव्हचा खर्च वाचला. नाही निघाला तर तेवढ्याच सिलिंडरला स्लीव्ह, आणि तीही १.०० लाच कापायची. चारही पिस्टन एकाच साइजचे आणि वजनाने सारखे हवेत.

लायनरवाला
क्रम पाळणारा मशीनवाला मिळाला तर ठीक. नाहीतर माझंच खरं.

स्टेपनी_आत
म्हणजे उद्या बोअर करायला सांगू?

बोअरगेज
पिस्टन हातात आहेत का? आधी पिस्टन आणा, मग बोअर. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्यावर नंबर टाकून त्याच सिलिंडरला जुळवायचा. क्लिअरन्स माझा नाही, पिस्टनच्या डब्यावर छापलेला धरा. शेवटचे ०.०४ होनिंगला (दगडाने घासून शेवटचा हात) ठेवा, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा साधारण ४५ अंशांत दिसल्या पाहिजेत, काचेसारखा गुळगुळीत नको. नंतर रिंग पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने टोकांमधला गॅप बघा, वरच्या रिंगला ०.२५ ते ०.३५. कमी असेल तर घासा, नाहीतर तापल्यावर टोकं भिडून बोअर ओरखडला जाईल.

फक्त_रिंगा
पेट्रोलने धुऊन लगेच बसवा.

बोअरगेज
पेट्रोलने होनिंगची भुकटी रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ताठ ब्रश. मग पांढरं फडकं तेलात बुडवून पुसायचं, फडकं करडं होतंय तोवर परत धुवायचं. ऑइलच्या वाटाही ब्रशने.

स्टेपनी_आत
दुकानात १.०० चा सेट मिळाला. होनिंगनंतर ब्लॉक दोन-चार दिवस पडून राहिला तर चालेल? क्रँक अजून ग्राइंडिंगला आहे.

तारदेव_नाका
या पावसात? संध्याकाळपर्यंत तांबूस होईल. धुतल्या धुतल्या वाळवा, बोअरला तेल चोपडा आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. क्रँक कुठल्या साइजला चाललीय तेही सांगा, बेअरिंग त्यावर ठरतील.