याकला थंडी वाजत नाही का? मुलीचा प्रश्न आहे

घणसोलीची आई:
गेल्या आठवड्यात लडाखहून परत आलो. पँगाँगला लेकीने याकवर हात फिरवला आणि तेव्हापासून एकच धोशा, तो कुडकुडत कसा नाही आणि आपण घणसोलीत का नाही पाळू शकत? थातूरमातूर उत्तर द्यायचं नाहीये तिला, कोणी नीट सांगेल का?

पाचपाखाडीकर:
ताई, तिच्या हाताला वरचे लांब राठ केस लागले असतील, पण खरी ऊब आतल्या मऊ लोकरीची, ती थंडीच्या तोंडावर दाट होते आणि उन्हाळा आला की गळते. शिवाय कातडीखाली चरबी असते आणि घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून उणे ४० अंशातही तग धरतो. इकडे आणलात तर बिचाऱ्याचे हालच, साधारण १५ अंशांच्या वर गेलं की त्याला उकडायला लागतं.

खारघर ट्रेकर:
विरळ हवेचं पण सांगा तिला. तीन-साडेतीन हजार मीटरवर आपल्याला धाप लागते, तिथे हा चरतो कारण फुप्फुसं आणि हृदय गायीपेक्षा मोठं. मी लडाखच्या चांगथांग पठारावर एका घरी राहिलो होतो, तिथे झाडच नाही, मग याकच्या वाळलेल्या शेणावर चूल, आजी एकेक गोवरी मोडून घालत होत्या आणि त्यावर चहा उकळत होता. मला तर तो प्राणी म्हणजे त्यांच्या घरातलाच वाटला.

घणसोलीची आई:
खूप आभार दोघांचे! गोवरीचं ऐकून म्हणाली, आजीच्या गावासारखंच की.