पोटाचं ऑपरेशन, दवाखाना आणि "वारा सरला का?" : लिहा तुमचे अनुभव

मंगळवारपेठकर
परवा रात्री भाच्याच्या पोटात उजवीकडं दुखायला लागलं. सोनोग्राफीत अपेंडिक्स निघालं. आक्कानं पिशवी भरली, चादर, तांब्या, सगळं. आणि सर्जन म्हणाले, "सूज बेताची आहे, आत खडा दिसत नाही. अँटिबायोटिकवर ठेवून बघता येईल, नाहीतर सकाळी काढून टाकू. तुम्ही ठरवा." आख्खं घर गप्प. आमच्याकडं डॉक्टर विचारत नसतात, सांगत असतात.

माझं झालं तेव्हा मी शाळेत होतो. सरळ फाडून काढलं. नंतर पाण्याचा थेंब नाही, आई ओला कापूस ओठाला लावायची. रोज सकाळी मोठे डॉक्टर येऊन सगळ्या वॉर्डासमोर विचारणार, "वारा सरला का?" मी लाजून भिंतीकडं तोंड करायचो आणि आमचे आबा, जन्म तालमीत गेलेला माणूस, खड्या आवाजात जाहीर करायचे, "अजून न्हाई!" शेवटी सरला तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. इज्जतीचा पंचनामाच.

भाच्यासाठी रात्री वाचत बसलो. फिनलंडमध्ये यावर मोठा अभ्यास झालाय. नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचं वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांत ३९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक बिनटाक्याचे सुटले. अमेरिकेत २०२० साली १५५२ पेशंटचा अभ्यास आला, त्यात ९० दिवसांत दहातल्या तिघांना टेबलावर जावं लागलं, पण अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हेच ४१ टक्के. म्हणून ते सर्जन खड्याचं एवढं बघत होते. आणि अपेंडिक्स फुटलेलं असेल तर ही चर्चाच नाही.

तर लिहा. पित्त, खडे, अल्सर, मूळव्याध, काय असेल ते.

गूळआलं
माझी पित्ताची पिशवी काढली, दुर्बिणीतून. चार भोकं. दुसऱ्या दिवशी घरी. खडे एका बाटलीत घालून मिस्टरांच्या हातात दिले तर ह्यांनी ती शोकेसमध्ये मुलाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी ठेवली. पाहुणे आले की दाखवतात. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही, त्या म्हणाल्या मिरं इथं कुणी ठेवलं?? तेव्हापासून बाटली माळ्यावर.

खटक्यावरबोट
@गूळआलं वैनी मिरं 😂😂 पांढऱ्या रश्श्यात पडलं असतं तर

गूळआलं
गप्प बसा भाऊजी, आज घरात मटण आहे आणि मला अजून भीती वाटते

पन्हाळारोड
आमच्या वडिलांचं अल्सरचं. तेव्हा काहीही झालं की मिरज. वडगावचा माणूस असो नाहीतर गारगोटीचा, "मिरजेला नेलंय" म्हटलं की गाव समजून जायचं केस मोठी आहे. पोट उघडून जठराला आतड्याचा जोड दिला. त्याआधी कितीतरी वर्षं दर दोन तासांनी दूध. म्हैस दारात होती म्हणून परवडलं. सगळे म्हणायचे तिखट खातो, चिडका आहे, म्हणून अल्सर. आई जन्मभर स्वतःच्या चटणीला दोष देत राहिली.

गेल्या वर्षी मला तसंच दुखलं. दुर्बीण घातली, तुकडा तपासला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दोन आठवडे गोळ्या. संपलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन बघितला होता, कुणी विश्वास ठेवेना म्हणून. जठराला सूज आली आणि गडी खूश! २००५ ला त्याला आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबिन वॉरनला नोबेल. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आता सांगतोस व्हय."

एक गोष्ट मात्र सांगतो, गोळ्या मध्येच सोडू नका, हल्ली काही अँटिबायोटिकना हा जंतू दाद देत नाही. कोर्स संपल्यावर कमीत कमी चार आठवड्यांनी परत तपासायचं. दुखायचं थांबलं म्हणजे जंतू मेला असं नाही.

शिवाजीपूल
दूध कट्ट्यावर धारोष्ण पिणाऱ्यांना अल्सर होत नाही असं आमचे तात्या म्हणायचे. तात्यांना अल्सर होता.

थेटरवाली_सिस्टर
नाईटला आहे, तुकड्यातुकड्यात लिहिते.
पाणी बंद हा प्रकार आता बराच बदललाय. साधं जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा बहुतेकांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतो. तरी नातेवाईक आदल्या रात्रीपासून पेशंटला कोरडं ठेवतात, "उगं कशाला रिस्क". म्हातारी माणसं कोमेजून येतात हो.
डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हे मांडायला सुरुवात केली, उपास कमी, नळ्या कमी, लवकर उठवा, लवकर खायला द्या. तेव्हा लोक हसले होते म्हणे.

थेटरवाली_सिस्टर
(पुढे) एक महत्त्वाचं. वजन किंवा शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल, सेमाग्लुटाइड वगैरे, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. त्यानं पोट सावकाश रिकामं होतं. उपाशी राहूनही पोटात अन्न सापडू शकतं आणि भुलीत ते छातीत उतरलं तर अवघड. लोक सांगत नाहीत. लाजतात की काय कळत नाही. बीपीची गोळी सांगतात, हे लपवतात.

मंगळवारपेठकर
@थेटरवाली_सिस्टर ताई वारा सरला का अजून विचारतात का?

थेटरवाली_सिस्टर
विचारतात 😄 पण आता त्याच्यासाठी उपाशी नाही ठेवत बहुतेक ऑपरेशनला. च्युइंगगमसुद्धा देतात काही ठिकाणी, चघळलं की आतड्याला वाटतं जेवण आलं. फायदा थोडाच.

खटक्यावरबोट
मावा चालंल का

थेटरवाली_सिस्टर
नाही.

उचगावकर_दाजी
मला पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. कधीतरी दुखतं, लग्नाच्या जेवणावळीनंतर. एक डॉक्टर म्हणतो लगेच काढा, दुसरा म्हणतो थांबा. आता काय करायचं माणसानं?

बावड्याचा_वाचक
@उचगावकर_दाजी ब्रिटनमध्ये नेमकं यावरच बघितलंय, २०२३ ला छापून आलं. खडे दुखतात पण गुंतागुंत नाही असे ४३४ जण, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना थांबा. १८ महिन्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फारसा फरक नाही. थांबलेल्यांतल्या २५ टक्के लोकांचं त्या काळात ऑपरेशन झालं.
पण मला यात एक खटकतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यातल्याही ६७ टक्क्यांचंच झालं, तिकडं रांग मोठी. म्हणजे तुलना ऑपरेशन विरुद्ध थांबणं अशी स्वच्छ नाहीच. आपल्याकडं पैसे भरले की परवा तारीख मिळते. तेव्हा हा आकडा दाखवून डॉक्टरशी भांडायला जाऊ नका, पण "मी थांबलो तर काय होईल" एवढं विचारा.
कावीळ, थंडी वाजून ताप, पाठीत जाणारी असह्य कळ, यातलं काही झालं तर मात्र थांबायचं नाही.

उचगावकर_दाजी
तिसऱ्या डॉक्टरकडं जातो मग

गूळआलं
दाजी डाएट पण जरा बघून. मी लग्नाआधी झटपट वजन उतरवलं होतं, सर्जन म्हणाले एकदम वजन घटलं की खडे धरायला वाव मिळतो. पिशवी काढल्यावर सुरुवातीला मला तेलकट खाल्लं की लगेच पळावं लागायचं, आता नाही.

रंकाळा_चौपाटी
कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघतात त्याबद्दल, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. तपासणी काहीच नाही, झोपेत होते. आदल्या दिवसाची पोट साफ करायची पावडर!! लिटरच्या लिटर. आमच्या चाळीत संडास सामाईक. मी सगळ्यांना आधी नोटीस दिली, संध्याकाळी सहानंतर कुणी नंबर लावू नये. तरी खालच्या आजोबांनी लावलाच. दोघं बाहेर आतुरतेनं, दार एक. पुढचं लिहीत नाही.
निम्मी पावडर रात्री, निम्मी सकाळी असं घेतलं तर साफ जास्त होतं, असं मला सांगितलं होतं आणि ते खरं आहे. फक्त सकाळची वेळ नीट विचारून घ्या.

शिवाजीपूल
आजोबांचं काय झालं

रंकाळा_चौपाटी
बोलत नाहीत अजून

माहेर_कागल
माझ्या भावाचं अपेंडिक्स एका ठिकाणी गॅस म्हणून परत पाठवलं, ओवा खा म्हणाले. दुसऱ्या दिवशी फुटलं. ड्रेन, आयसीयू, सगळं. वाचला. म्हणून अँटिबायोटिकवर थांबायचं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. वाचून कळतंय की दोन्हीत फरक आहे, त्यांचं स्कॅन करून, भरती ठेवून, सारखं तपासून थांबतात. तरी.

मंगळवारपेठकर
@माहेर_कागल ताई, समजू शकतो. आक्कानं पण हेच विचारलं, रात्री वाढलं तर? डॉक्टर म्हणाले म्हणूनच घरी सोडत नाही, ताप नाहीतर दुखणं वाढलं की लगेच टेबलावर घेतो. भाचा आज बरा आहे. ताप नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात, म्हणून त्यानं स्वतःच सलाईन निवडलं. आमचे दाजी, भाच्याचे वडील, अजून म्हणतायत कापून टाकायचं होतं, परत उठलं तर कोण बघणार. खरं आहे तेही, परत उठू शकतंय.

माहेर_कागल
बरं झालं. कुठं आहे भरती? कोपऱ्यावर राहत असाल तर डबा पाठवते, आम्ही आता शाहूपुरीतच.

मंगळवारपेठकर
अहो नको, डॉक्टर हलकंच सांगतायत

माहेर_कागल
मऊ भात आणि मुगाचं वरण. तिखट नाही घालत, कागलची असले तरी

खटक्यावरबोट
तांबडा रस्सा कधी चालू करायचा, हे कुणी सांगितलंच नाही

थेटरवाली_सिस्टर
ज्यांचं त्यांनी विचारा. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी नातेवाईक बाटलीत भरून आणतात, पेशंटला नाही, स्वतः जिन्यात बसून पितात. वास अख्ख्या मजल्यावर.

उचगावकर_दाजी
कुठल्या खानावळीचा आणतात?